केरी हे आडनाव व विल्यम केरीसाहेब

बाप्तिस्मा घेतल्यावर आपले नाव व आडनाव बदलावे की नाही, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार निघतो. आडनावावरून गावात जात ओळखली जाते, व जात ओळखली म्हणजे पाणवठ्यावर व शाळेत काय सोसावे लागते हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून कित्येकांस जुने आडनाव टाकून एखाद्या साहेबाचे इंग्रजी नाव लावावेसे वाटते. हे दुःख खरे आहे, व त्याची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु इंग्रजी आडनावात स्वतःचे असे काही सामर्थ्य असते काय, हे एका आडनावावरून पाहू.

इंग्लंडातील समरसेट परगण्यात केरी नावाची एक नदी आहे. आपल्याकडे पुण्याचा तो पुणेकर व वाईचा तो वाईकर, त्याप्रमाणे त्या नदीकाठच्या गावांवरून केरी हे आडनाव पडले असे मानतात. पुढे ते नाना प्रकारच्या लोकांनी धारण केले. हेन्री केरी नावाचा सरदार एलिझाबेथ राणीचा मावसभाऊ होता. १६०३ मध्ये राणी वारली, तेव्हा त्याचा पुत्र रॉबर्ट केरी याने घोड्यावरून सुमारे तीन दिवसांत एडिंबरो गाठून नव्या राजास ती वार्ता कळविली. हेन्री केरी याच नावाचा दुसरा एक मनुष्य गीते रचून पोट भरीत असे; तो १७४३ मध्ये वारला. लंडन शहरात केरी नावाचा एक रस्ता आहे. तेथे दिवाळखोरीचे न्यायालय असे, म्हणून एखाद्याचे दिवाळे वाजले म्हणजे तो केरी रस्त्यावर गेला असे लोक म्हणत. सरदाराचे, गवयाचे व दिवाळखोराच्या वाटेचे नाव एकच!

याच आडनावाच्या एका गरीब विणकराच्या घरी, नॉर्थँप्टन परगण्यातील पॉलर्सपरी गावी, १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यम केरी यांचा जन्म झाला. सरदार केरींच्या वैभवाचा त्यांस काडीचाही उपयोग झाला नाही. लहानपणीच त्यांस जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली ठेवण्यात आले. त्या देशात आपल्याकडल्यासारखा विटाळ नव्हता, तरी मोची हा हलकाच गणला जाई. हाती आरी व समोर पुस्तक, अशा स्थितीत केरी ग्रीक व इब्री भाषा शिकले, व भिंतीवर पृथ्वीचा नकाशा टांगून ज्या देशांत शुभवर्तमान पोहोचले नव्हते त्यांसाठी प्रार्थना करू लागले. त्यांच्या आग्रहाने २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी मिशनरी संस्था स्थापन झाली. त्या दिवशी वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स इतकीच जमली.

१७९३ मध्ये ते सहकुटुंब बंगाल्यात आले. पुढल्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर हा मुलगा आमांशाने वारला, व जातीच्या बंधनामुळे त्या लेकराच्या मूठमातीसाठी माणसे मिळणे कठीण झाले. पत्नीचे चित्त भ्रमिष्ट झाले, ते १८०७ मध्ये तिच्या मरणापर्यंत सुधारले नाही. सात वर्षे श्रम करूनही एकही बंगाली मनुष्य बाप्तिस्म्यास आला नाही. अखेर २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराने श्रीरामपूर येथे हुगळी नदीत बाप्तिस्मा घेतला.

आता वाचकांनी लक्ष द्यावे. कृष्ण पाल हा बाप्तिस्म्यानंतरही कृष्ण पालच राहिला. १८०५ मध्ये केरीसाहेब व त्यांचे सोबती यांनी आपल्या कार्याचे नियम ठरविले, त्यांत नव्या विश्वासणाऱ्यांची नावे बदलू नयेत असा एक नियम होता. त्यांचे कारण असे की, अपुल्लोस, फीबी, हर्मेस इत्यादी पहिल्या मंडळीतील माणसांची नावे विदेशी दैवतांवरून पडलेली असूनही प्रेषितांनी ती बदलली नाहीत. आपले नाव दुसऱ्यास देण्याची संधी केरीसाहेबांस होती. ती त्यांनी घेतली नाही.

आपणा मराठी लोकांवर त्यांचे ऋण मोठे आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मोडी लिपीत कोश छापला, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. त्या भाषांतरात दोष होते व पुढील मंडळींनी ते नव्याने केले. तथापि बांधावर पहिली कुदळ पडली ती त्यांची.

केरीसाहेबांस झाडाझुडपांचा फार नाद होता. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे अधिकारी रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षजातीस त्यांच्या सन्मानार्थ केरिया असे शास्त्रीय नाव दिले. तो वृक्ष म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचा कुंभा होय. गुराखी त्यास कुंभाच म्हणतो, व त्यामुळे त्याची सावली उणी होत नाही.

९ जून १८३४ रोजी केरीसाहेब प्रभूमध्ये निजले. आपल्या थडग्यावर नाव, तारखा व एका गीताच्या दोन ओळी यांपलीकडे काही लिहू नये असे त्यांनी सांगून ठेवले होते.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्म्याचा उमेदवार नावाविषयी विचारील, तेव्हा त्यास कृष्ण पाल सुताराची गोष्ट सांगा. ज्यास नाव बदलणे अगत्याचे वाटते त्यास दोष देऊ नका. परंतु बापाचे नाव ठेवून जो प्रभूच्या मेजाजवळ येतो, त्यास मंडळीने तितक्याच मानाने जवळ बसवावे, अशी आमची विनंती आहे.