खाशाबांच्या पाठीशी कोण होते?



आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या जत्रांत कुस्त्या लागल्या की लहानथोर भोवती गोळा होतात. याच मातीतल्या खेळाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. ते जिंकणारे खाशाबा जाधव खेड्यातलेच होते.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. शाळेत असताना ते पोहणे, धावणे, वजन उचलणे, हातोडाफेक अशा अनेक खेळांत तरबेज होते. मन मात्र कुस्तीत रमले. १९४८ साली लंडनला ते प्रथमच मॅटवर उतरले आणि सहावे आले.

१९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. तिथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीशी झालेली लांबलेली लढत मात्र थोडक्यात गेली. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तरी त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. त्यांची बाजू मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबा सरांचे घर विसरले नाहीत. कुस्त्यांचे सामने भरवून, त्या पैशांतून त्यांनी ते सोडवले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तिथे क्रीडा प्रशिक्षक म्हणून ते नव्या खेळाडूंच्या पाठीशी उभे राहिले. २७ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आज त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. आपल्या पाड्यावरही एखादे चपळ मूल असेल. घर गहाण ठेवणे सर्वांना जमणार नाही. पण त्याला मैदानावर नेणे, त्याच्या वतीने दोन शब्द बोलणे आपल्याला नक्कीच जमेल.