आकाशवाणीच्या धूनचे रचनाकार वॉल्टर कॉफमन

तानपुऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर उमटणाऱ्या एका धूनने देशातील कित्येक पिढ्यांची सकाळ सुरू होत असे. शिवरंजनी रागाची छाया असलेली आकाशवाणीची ही संकेत धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते, ते संगीतकार वॉल्टर कॉफमन भारतात निर्वासित म्हणून आले होते.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिन येथे त्यांनी संगीतरचनेचे आणि प्राग येथे संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले. आपले प्राध्यापक नाझी युवक संघटनेचे नेतृत्व करीत असल्याचे समजताच त्यांनी पूर्ण होत आलेली डॉक्टरेट नाकारली.

युरोपातील वातावरण बिघडत गेल्याने १९३४ मध्ये ते मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या मैफली होत. व्हायोलिनवादक मेहली मेहता, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीत संचालक झुबिन मेहता यांचे वडील, त्यांच्यासमवेत वादन करीत. चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्यासाठीही कॉफमन यांनी संगीत दिले.

आरंभी भारतीय संगीत त्यांना अगदी परके वाटले. परंतु कोट्यवधी लोकांना प्रिय असलेल्या संगीतात अर्थ नाही असे होणार नाही, उणीव आपल्याच कानांत असावी, असा विचार करून त्यांनी चिकाटीने या संगीताचा अभ्यास केला. १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. याच काळात त्यांनी ‘अनसूया’ हा रेडिओ ऑपेरा रचला. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यरचना यांचा मेळ त्यांच्या अनेक कृतींत आढळतो.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले आणि १९४८ पासून विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. १९५७ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात रुजू झाले. तेथेच स्थायिक होऊन त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. मुंबईत जडलेला अभ्यास मात्र सुटला नाही. बस्तरच्या गोंड समाजाच्या गीतांवर त्यांनी लेखन केले. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये, तर दक्षिण भारतीय रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक रचना दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्या. कॅनडातील एआरसी एन्सेम्बलने २०२० मध्ये त्यांतील काही ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले. भारतीय श्रोत्यांना मात्र त्यांचे नाव ठाऊक नसले तरी त्यांची धून पाठ होती. मायदेश दुरावलेल्या या संगीतकाराचा सूर अशा रीतीने भारतातील घराघरांत रुजला.