एकाच साली दोन कप, पुढच्या साली अटक : बास्केटबॉलचे उस्ताद नॅट होल्मन

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत १८९६ साली नॅट होल्मन यांचा जन्म झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू, घरात दहा भावंडं. पोरगा चपळ निघाला. १९२० च्या दशकात ओरिजिनल सेल्टिक्स या गाजलेल्या व्यावसायिक संघात ते चमकले. चेंडू सोबत्याकडे टाकायचा, आपण बास्केटकडे पळायचं आणि चेंडू परत घ्यायचा, या चालीत हा संघ तरबेज होता.

विशेष म्हणजे खेळत असतानाच ते शिकवतही होते. १९१९ मध्ये सिटी कॉलेजचा संघ त्यांच्या हाती आला. या कॉलेजात फी नव्हती, त्यामुळे गोरगरिबांची, बाहेरून आलेल्यांची हुशार पोरं इथं शिकायची. शिस्तीला होल्मन कडक होते.

१९५० साली या पोरांनी कमालच केली. अमेरिकेत वर्णभेद होता तो काळ. पण सिटी कॉलेजच्या पहिल्या पाचात तीन ज्यू आणि दोन काळे खेळाडू. एनआयटी स्पर्धेत त्यांनी नावाजलेल्या केंटकीला ८९-५० असं लोळवलं. पुढे ती स्पर्धा जिंकली आणि लगेच एनसीएएही. दोन्ही फायनलला समोर ब्रॅडलीच. एकाच वर्षी हे दोन्ही कप दुसऱ्या कुठल्याच संघाला जिंकता आले नाहीत.

वर्ष व्हायच्या आत सगळं फिसकटलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये याच संघातल्या खेळाडूंना अटक झाली. सट्टेवाल्यांनी पोरांना पैसे चारले होते. सामना हराच असंही नाही, फक्त ठरलेल्यापेक्षा कमी फरकानं जिंका, एवढंच. पोरांना त्यात मोठं पाप वाटलं नसावं. पण त्यांच्यासाठी एनबीएचं दार कायमचं बंद झालं.

होल्मन यांनी पैसे घेतले नव्हते. तरी रोज डोळ्यासमोर असणाऱ्या पोरांचं चाललंय काय, हे उस्तादाला कसं कळलं नाही? १९५२ मध्ये त्यांनाही निलंबित केलं. ते लढले, निर्दोष ठरले आणि १९५४ मध्ये पुन्हा कामावर आले. पण संघाची जुनी ताकद परत आली नाही.

१९६० मध्ये ते थांबले. प्रशिक्षक म्हणून ४२३ विजय त्यांच्या नावावर आहेत. १९९५ मध्ये ९८ व्या वर्षी ते वारले. १९५० चे दोन्ही कप अजूनही सिटी कॉलेजच्याच नावावर आहेत.