जेम्स प्रिन्सेप : नाण्यांकडून लिपीकडे

देवनागरीची पूर्वज असलेली ब्राह्मी लिपी वाचण्याची परंपरा भारतात अनेक शतके खंडित झाली होती. ती पुन्हा जोडणाऱ्या अभ्यासकांत जेम्स प्रिन्सेप यांचे स्थान अग्रगण्य आहे. व्यवसायाने ते भाषापंडित नव्हते. टांकसाळीतील धातुपरीक्षक होते.

प्रिन्सेप यांचा जन्म १७९९ मध्ये झाला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना वास्तुकलेचे शिक्षण सोडावे लागले. धातुपरीक्षेचे प्रशिक्षण घेऊन १८१९ मध्ये ते कलकत्त्यास आले. पुढील सुमारे दहा वर्षे त्यांनी बनारसच्या टांकसाळीत काम केले. १८३२ मध्ये ते एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले आणि देशभरातून नाणी व लेखांचे ठसे त्यांच्याकडे येऊ लागले.

यांत वायव्य भागातील ग्रीक राजांची नाणी विशेष महत्त्वाची ठरली. अलेक्झांडरनंतरच्या काळात बॅक्ट्रियातून पुढे सरकलेल्या या राजांना स्थानिक प्रजेशी व्यवहार करावयाचा होता. किरकोळ देवघेवीसाठी पाडलेली त्यांची अनेक कांस्यनाणी म्हणूनच स्थानिक पद्धतीने चौकोनी आहेत. त्यांच्या एका बाजूस ग्रीक, तर दुसऱ्या बाजूस प्राकृत मजकूर आढळतो. हा प्राकृत मजकूर बहुधा खरोष्ठीत असतो. अगाथोक्लीज व पँटालिऑन यांच्या कांस्यनाण्यांवर मात्र तो ब्राह्मीत आहे. अपोलोडोटसच्या नाण्यावर ग्रीकमध्ये ‘बासिलेओस अपोल्लोदोतू सोतेरोस’ आणि प्राकृतात ‘महाराजस अपलदतस त्रतरस’ असे शब्द आहेत. दोन्हींचा अर्थ ‘तारणहार राजा अपोलोडोटस याचे’ असाच होतो. विशेषनाम भाषा बदलली तरी ध्वनिरूपाने बरेचसे टिकते. अज्ञात लिपीची किल्ली म्हणून ते उपयोगी पडते ते यामुळेच.

ही किल्ली एकाच व्यक्तीला गवसली नाही. खरोष्ठीतील राजनामे प्रथम चार्ल्स मॅसन यांच्या ध्यानात आली. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेन यांनी अगाथोक्लीजच्या नाण्यावरून काही ब्राह्मी अक्षरे ओळखली. १८३७ मध्ये सांचीच्या लहान लेखांचे ठसे पाहताना प्रिन्सेप यांना दिसले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. हे दात्यांचे लेख असावेत, असा तर्क करून त्यांनी तो शब्द ‘दानं’ असा वाचला. त्याआधी वारंवार येणारा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय ठरला. त्यानंतर अल्पावधीतच स्तंभलेखांचे वाचन शक्य झाले.

या वाचनात त्यांच्याकडून चूकही झाली. लेखांतील ‘देवानंपिय’ हा राजा त्यांना प्रथम सिंहलद्वीपाचा वाटला. जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखविले आणि प्रिन्सेप यांनी ही दुरुस्ती स्वीकारली.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८३८ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला. २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. नाणेघाट, कार्ले व नाशिक येथील प्राकृत लेख आज आपण वाचू शकतो, याचे मूळ या उद्योगात आहे. मराठीच्या पूर्वेतिहासाचा लिखित पुरावा अभ्यासताना बाजारात हातोहात फिरून झिजलेल्या त्या कांस्यनाण्यांचे ऋण आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : अज्ञात लिपीच्या उकलीत विशेषनाम व विभक्तिप्रत्यय यांचा उपयोग कसा होतो, ते वरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.