पांढऱ्या पातळाचा मान

अमरावतीच्या जुन्या माणसाला तुमचा जन्म कुठला असे विचारा. बरेच जण गावाचे नाव न सांगता नुसते डफरीन म्हणतील! सरकारी कागदावर ते जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, पण अमरावतीकरांच्या तोंडी डफरीनच बसले आहे. अकोल्याचेही तसेच. तिथल्या स्त्री रुग्णालयाला आजही लोक लेडी हार्डिंग म्हणतात. माझा जन्म डफरीनचा आणि वडिलांची बदली झाल्यामुळे धाकट्या भावाचा लेडी हार्डिंगचा. दोघी व्हाइसरॉयांच्या बायका. लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार व्हाव्यात म्हणून १८८५ साली निधी उभारला, त्याचे हे स्मरण. त्या उपकाराची जाण ठेवायलाच हवी.

पण दवाखान्याची इमारत उभी राहिली म्हणून घरातली बाई तिथे नोकरीला जात नाही. त्यासाठी आणखी कोणीतरी लागते. ते कोण, हे मला माझ्या आत्यामुळे कळले.

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. साल १९४४. त्याच्या दोनच वर्षे आधी तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. बाळ सुखरूप झाले, घरात साखर वाटली गेली आणि चौथ्या दिवशी ताप चढला. नवव्या दिवशी सारे संपले. बाळंतरोग झाला, नशिबात होते, असे म्हणून लोक आपापल्या घरी गेले. आजोबा शाळामास्तर. त्यांनी नशिबाला दोष दिला नाही, पण दोष कोणाला द्यावा हेही त्यांना उमगेना.

आत्याने नर्सिंग शिकायला नागपूरला जायचे म्हटले, तेव्हा भाऊबंदांची बैठकच बसली. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार, रात्रपाळी करणार, कोणाचेही विटाळ उपसणार! आमच्या घरातल्या बाईने हे करायचे? आजोबांनी वाद घातला नाही. वाचनालयातून आणलेले रमाबाई रानडे यांचे १९१० सालचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक त्यांनी बैठकीत मधोमध ठेवले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीने ज्या कामाला घरंदाज विधवांना पाठवले, ते काम आपल्या घराला कमीपणा कसा आणील, एवढाच त्यांचा सवाल होता. बैठक उठली. आत्या नागपूरला गेली.

त्यामुळे आमच्या घरात रमाबाई रानडे हे नाव देवघरातल्या नावासारखे होते. दूरदर्शन मालिकेमुळे २०१२ पासून त्या घराघरांत पोहोचल्या, पण लोकांच्या मनात राहिली ती पाटीवर धुळाक्षरे गिरवणारी छोटी यमुना. मला सांगायचे आहे ते त्या मुलीने पुढे, चाळिशीनंतर, काय केले ते.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे एकतीस वर्षांचे, नुकतेच विधुर झालेले. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि कुमारिकेशी लग्न केले. या गोष्टीबद्दल त्यांच्यावर सडकून टीका झाली. निरक्षर पत्नीला मात्र त्यांनी स्वतः शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचत नव्हते. दिवसभर त्यांचे टोमणे खायचे आणि रात्री दिव्यापाशी धडा घ्यायचा, अशी कितीतरी वर्षे गेली. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट सुरू झाली, तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. १८८४ साली ती शाळा निघाली. तीच आजची हुजूरपागा. बाहेर टाळ्या आणि घरी अबोला, असा दुहेरी अनुभव त्यांनी तरुणपणीच घेतला.

आपल्या वऱ्हाडाशीही या घराचा एक धागा आहे. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि त्याच मांडवाच्या साक्षीने भरलेल्या सामाजिक परिषदेत रानडे बोलले. जुन्याचे पुनरुज्जीवन करायचे की सुधारणा करायची, हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. जुने म्हणजे नेमके कोणते जुने, असा त्यांचा रोख होता. पुढे बारा-चौदा वर्षांनी रमाबाईंनी पुण्यात जे केले, ते या प्रश्नाला कृतीने दिलेले उत्तरच म्हणायला हवे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. वय अडतीस-एकोणचाळीस. त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणाला भेटल्या नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे यापुढचे आयुष्य कोपऱ्यातच जायचे. पण त्या कोपऱ्यातून उठल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांकडे जाऊ लागल्या, ससून रुग्णालयात जाऊन रुग्णांच्या खाटांशी बसू लागल्या. फुले, फळे न्यायची, विचारपूस करायची, एवढेच. मला वाटते, पुढच्या साऱ्या कामाचे बीज इथेच आहे. दुखणाइताला औषधाइतकीच जवळच्या माणसाची गरज असते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले असणार. आणि दुसरीकडे घरोघरी तरुण विधवा होत्या. हातपाय धड, बुद्धी तल्लख, पण घरात फुकटच्या राबणुकीपलीकडे किंमत नाही. या दोन दुःखांची गाठ घालावी, एकीच्या हाताने दुसरीचे दुखणे निवारावे, हा विचार ऐकायला साधा आहे. करायला तो फार कठीण होता.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी सेवासदन काढले आणि अध्यक्षपदासाठी रमाबाईंना गळ घातली. १९०९ साली त्यांनी पुण्याला आपल्या राहत्या वाड्यातच सेवासदनाचे काम सुरू केले. जोडीला गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले गोपाळ कृष्ण देवधर होते. शिवण, लेखन-वाचन, शिक्षिकांचे वर्ग यांना लोकांनी फार विरोध केला नाही. १९११ च्या सुमारास ससूनमध्ये परिचर्या आणि सुईणकाम शिकायला मुली पाठवण्याचे निघाले, तेव्हा मात्र गावात कुजबुज सुरू झाली.

ही कुजबुज का, हे आजच्या मुलींना समजावून सांगावे लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनला परिचारिकांची शाळा काढून तिकडे या पेशाला मान मिळवून दिला होता. आपल्याकडे मुंबईत बाई काशीबाई गणपत यांच्यासारख्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रीतसर शिक्षण घेऊ लागल्या होत्या. पण दवाखान्यांतून दिसत त्या बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती परिचारिका. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत बाळंतपण म्हणजे विटाळ. बाळंतिणीची खोली अंधारी, वारा बंद, शेगडीचा धूर आणि दहा दिवस शिवायचे नाही. म्हणजे जिथे सर्वांत जास्त स्वच्छता हवी, तिथेच घरातले सर्वांत जुने धडुते जायचे. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ सालीच दाखवून दिले होते, की प्रसूती करणाऱ्याने औषधी पाण्याने हात धुतले तर बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने घटतात. आमच्या थोरल्या आत्याच्या खोलीत १९४२ सालीही ते पाणी पोचले नव्हते. नाळ कापायची कात्री उकळली नाही तर बाळाला धनुर्वात होतो, हेही शास्त्र. पण शास्त्र पुस्तकात असून भागत नाही. ते खोलीत घेऊन जाणारी बाई लागते.

ती बाई घडवायला रमाबाई पुढे झाल्या. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या, वैद्यक शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ होते ते एक नाव आणि पन्नाशीपर्यंत सांभाळलेला लौकिक. तोच त्यांनी पणाला लावला. मुलींसाठी वसतिगृह काढले, म्हणजे मुलगी दवाखान्यातून परत येते कुठे या आईबापांच्या काळजीला उत्तर मिळाले. घरच्या माणसांची समजूत स्वतः घातली. एखाद्या मुलीबद्दल वावगा शब्द निघाला तर तो आधी रमाबाईंच्या अंगावर येई. पुढारीपण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग पुण्यात पुष्कळ सांगितला जाई. बक्षिसे वाटली जात होती. नाव पुकारताच जुन्या रीतीच्या वेशातली, केशवपन केलेली एक विधवा व्यासपीठावर आली, आणि वर सज्जात बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाई शेवटी बोलायला उठल्या. स्वर चढवला नाही, पण त्या पोरांना त्यांनी त्यांच्याच घरातल्या विधवा बहिणीची, आत्याची, मावशीची आठवण करून दिली. ज्यांच्या रूढीने ती बाई अशी झाली, त्यांनीच तिला हसावे हे कोणते शिक्षण, असा त्या बोलण्याचा आशय होता. सभागृह चिडीचूप झाले. त्या बाईचे डोके रूढीने भादरले होते आणि हसत होते कॉलेजात शिकणारे! सुधारणेला अडवणारे सगळेच अडाणी नसतात, हे त्या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे.

काम वाढत गेले. आळंदीच्या यात्रेत बायाबापड्यांची काळजी घ्यायला सेवासदनाच्या मुली जाऊ लागल्या. १९१५ साली पुण्याचे सेवासदन स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही रमाबाई झगडल्या. १९२४ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुढे १९२७ साली नागपुरातही सेवासदन उभे राहिले. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले, ते आत्याने आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले होते.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. सुईणकाम रमाबाईंच्या आधीही होतेच. गावोगावच्या दलित आणि गरीब घरांतल्या सुइणी पिढ्यान्‌पिढ्या ते करीत होत्या. मिळायचे काय, तर पसाभर धान्य, जुने लुगडे, आणि काम झाल्यावर मागच्या दाराने वाट. पुण्यातच जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली विधवांच्या गुपचूप बाळंतपणांसाठी घर उघडले होते, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनी प्राण दिला. रमाबाईंनी चालवलेली वाट या सगळ्यांनी आधी तुडवलेली होती. सेवासदनामुळे वरच्या जातींना जी लाज सोडावी लागली, ती मुळात त्यांची स्वतःचीच होती. हे मान्य केले म्हणून रमाबाईंचे मोठेपण उणावत नाही. आपल्या माणसांची लाज आपल्या माणसांतच उभे राहून सोडवणे हे काम बाहेरच्याला करता येत नाही.

आत्याने मूर्तिजापूर-दर्यापूरकडच्या खेड्यांत तीस वर्षे काम केले. कधी बैलगाडी, कधी आपली शकुंतला रेल्वे, पावसाळ्यात पूर्णेला पूर आला की चिखलातून पायी. पेटीत कात्री, दोरा, स्पिरिट आणि साबणाची वडी. गावात गेल्यावर ती पहिल्यांदा तिथल्या सुईणबाईला बोलवायची आणि शेजारी बसवून हात धुवायला लावायची. तिला हाकलून स्वतःचे दुकान मांडले नाही. सुईणबाईच्या हातात अनुभव आहे आणि आपल्या हातात साबण, दोन्ही लागतात, असे तिचे गणित होते.

आमच्या गल्लीत मात्र तिला कोणी हळदीकुंकवाला बोलवीत नसे. मध्यरात्री कळा सुरू झाल्या की तेच दार वाजायचे. ती तक्रार न करता पेटी उचलायची. विधवेचे पांढरे पातळ आणि नर्सचे पांढरे पातळ यांत गल्लीला कधी फरक दिसला नाही. तिला दिसत होता.

ही गोष्ट फार जुनी झाली असे समजू नका. २०२० च्या करोनात आपण परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या, आणि त्याच दिवसांत काही ठिकाणी घरमालकांनी त्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मेळघाटच्या डोंगरात पायी फिरणाऱ्या आशा ताईंना त्यांच्या घामाचे मोल मिळवायला आजही झगडावे लागते.

साधारण १९६८ ची संक्रांत असेल. आत्याने जिचे अडलेले बाळंतपण सोडवले होते ती शेजारची सून हळदीकुंकू झाल्यावर ताट घेऊन आमच्या दारी आली. सासू मागे उभी होती, पण काही बोलली नाही. आत्याने कुंकू लावून घेतले नाही, वाण मात्र दोन्ही हातांनी घेतले. स्टीलचा छोटा डबा होता. निवृत्त होईपर्यंत ती त्यातच कात्री उकळीत असे.