महाराणी ताराबाई

महाराणी ताराबाई भोसले (जन्म : सुमारे १६७५, मृत्यू : डिसेंबर १७६१, सातारा) या छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी व छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्नुषा होत. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० ते १७०७ या काळात त्यांनी अल्पवयीन पुत्राच्या नावाने मराठी राज्याचा कारभार पाहिला. मोगल बादशहा औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसला असतानाची ही सात वर्षे आहेत. कोल्हापूरच्या गादीचा पायाही त्यांनीच घातला.

पूर्वजीवन

ताराबाई या स्वराज्याचे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. मोहित्यांचे घराणे कऱ्हाडजवळील तळबीडचे. घरातच सेनापतिपद असल्याने लष्करी हालचाली व राजकारण त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होते. राजाराम महाराजांशी त्यांचा विवाह बालवयातच झाला. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर काही वर्षांनी ताराबाईही तेथे पोहोचल्या. १६९६ मध्ये त्यांना पुत्र झाला व त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले.

राज्यसूत्रे हाती

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. त्या वेळी ताराबाईंचे वय पंचविशीच्या आसपास होते आणि पुत्र चार वर्षांचाही नव्हता. संभाजीपुत्र शाहू हयात होते, पण मोगल छावणीत होते. त्यामुळे गादीवर खरा हक्क कोणाचा, हा पेच कारभाऱ्यांपुढे होता. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांनाही पुत्र होता. ताराबाईंनी वेळ न दवडता आपल्या पुत्रास गादीवर बसविले. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी व शंकराजी नारायण सचिव यांचा पाठिंबा त्यांनी मिळविला आणि रामचंद्रपंत अमात्यांसारख्या अनुभवी पुरुषालाही कारभारात राखले. आधीच्या दहा वर्षांत वतने व मुलूख यांच्या आशेने सरदार स्वतंत्र वृत्तीचे झाले होते. त्यांना दुखावले तर ते मोगलांकडे जात आणि मोकळे सोडले तर राज्यच उरत नसे. या दोहोंमधून वाट काढणे, हेच ताराबाईंच्या कारभाराचे खरे काम होते.

याच सुमारास, १७०२ मध्ये, इंग्लंडमध्ये राणी ॲन गादीवर आली. तिच्यामागे संसद, मंत्रिमंडळ व चालू स्थितीतील खजिना होता. ताराबाईंना स्थिर राजधानीही नव्हती. एका गडावरून दुसऱ्या गडावर मुक्काम हलवीत त्यांना राज्य चालवावे लागले.

गडांचे युद्ध

औरंगजेबाने एकेक गड स्वतः वेढा घालून घेण्याचा क्रम धरला. १७०० मध्ये सातारा व परळी, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड व तोरणा असे किल्ले मोगलांनी घेतले. ही यादी पाहिली तर मराठ्यांचा पराभवच दिसतो. पण यादीने गोष्ट पुरी होत नाही. साताऱ्यास प्रयागजी प्रभूंनी अनेक महिने झुंज दिली. विशाळगडावर परशुराम त्रिंबकांनी पावसाळा तोंडावर येईपर्यंत गड लढविला आणि मोगलांकडून दोन लाख रुपये घेऊन तो खाली केला. परतीच्या वाटेवर मोगल फौजेचे पावसाने व ओढ्यानाल्यांच्या पुराने अतोनात हाल झाले. दीर्घकाळ झुंजायचे, दाणागोटा संपत आला की रक्कम घेऊन शिबंदी सुखरूप बाहेर काढायची आणि बादशहाची पाठ वळताच तोच गड परत घ्यायचा, अशी ही रीत होती. १७०५ ते १७०७ या काळात सिंहगड, सातारा, पन्हाळा हे गड पुन्हा मराठ्यांकडे आले.

या धामधुमीत पुणे परगणाही सुटला नाही. १७०३ मध्ये बादशहाची छावणी पुण्यास पडली होती व शहराचे नाव काही काळ मुहियाबाद झाले होते.

राज्यकारभार

केवळ बचाव करून निभावणार नाही, हे ताराबाईंनी ओळखले होते. बादशहा गडांशी अडकला असताना त्यांनी फौजा मोगली मुलखात धाडल्या. नेमाजी शिंदे १७०३ मध्ये वऱ्हाडातून माळव्यात शिरले. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांचा मोठा पराभव केला. या स्वाऱ्या लुटीपुरत्या राहिल्या नाहीत. चौथ व सरदेशमुखी वसूल करण्यासाठी सुभेदार व कमाविसदार नेमले गेले आणि वाटांवर जकातीसाठी राहदार बसले. मोगल इतिहासकार खाफीखान शत्रुपक्षाचा. तरीही त्याने ताराबाईंची बुद्धी व कारभारातील जाण मान्य केली आहे.

राज्यकारभाराच्या आरंभी त्यांनी पुत्रास मनसब व दख्खनची देशमुखी मिळावी, अशी बोलणीही बादशहाशी लावून पाहिली होती. बादशहाने ती फेटाळली. पुढे त्यांचे युद्धातील सातत्य पाहता, या बोलण्यांकडे शरणागती म्हणून न पाहता वेळ मिळविण्याचा उपाय म्हणून पाहणे योग्य वाटते.

शाहूंशी संघर्ष

१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि मोगलांनी शाहूंना सोडले. ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे लढाई झाली. धनाजी जाधव शाहूंना मिळाल्याने ताराबाईंचा पक्ष हरला. ज्या सरदारांना त्यांनी सात वर्षे सांभाळले, त्यांतील बहुतेक हळूहळू साताऱ्याकडे वळले. ताराबाईंनी पन्हाळ्यास स्वतंत्र गादी चालविली. तेच पुढे कोल्हापूरचे राज्य झाले. १७१४ मध्ये राजसबाईंचा पुत्र संभाजी यास गादीवर बसवून ताराबाई व त्यांच्या पुत्रास कैदेत टाकण्यात आले. तो पुत्र १७२६ मध्ये वारला.

उत्तरायुष्य

१७३० च्या लढाईनंतर शाहू महाराजांनी त्यांना मानाने साताऱ्यास आणले. शाहूंच्या मृत्यूनंतर (१७४९) ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजा यास पुढे केले. तो पेशव्यांच्या कह्यात जातो असे दिसताच नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी त्यास साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले व दमाजी गायकवाडांच्या साहाय्याने पेशवा बाळाजी बाजीराव यांस आव्हान दिले. तो डाव फसला. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी पेशव्यांशी समेट केला; रामराजा आपला नातू नव्हे, असेही शपथेवर सांगितले. रामराजाची कैद मात्र त्यांच्या हयातीत सुटली नाही.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले, जूनमध्ये बाळाजी बाजीराव गेले आणि डिसेंबरमध्ये साताऱ्यास ताराबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी कृष्णा-वेण्णा संगमावर माहुली येथे आहे.