अलिबागची आनंदी

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून कुलाबा किल्ल्यासोबत सेल्फी तुम्ही नक्कीच काढला असेल. याच गावात दीडशे वर्षांपूर्वी पोस्टातला एक कारकून आपल्या छोट्याशा बायकोला पुस्तकं वाचायला बसवायचा. नवरा गोपाळराव जोशी, बायको आनंदी. हो, तीच, डॉ. आनंदीबाई!

३१ मार्च १८६५चा तिचा जन्म. माहेर कल्याणचं, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा बिजवर आणि वीसेक वर्षांनी मोठा. पुढे त्याची बदली अलिबागला झाली आणि अभ्यास जोरात सुरू झाला. गोपाळराव तापट होते, अभ्यासावरून मारायचेसुद्धा. त्यांचं कौतुक करताना आपण हे सोयीने विसरतो.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला, कारण त्याला हवे ते उपचार मिळाले नाहीत.

आता इथे जरा थांबा. त्या काळी सरकारी दवाखाने होते, डॉक्टरही होते. पण ते पुरुष. घरंदाज बाई परपुरुषाला दुखणं सांगायची नाही, तपासू देणं तर लांबच. म्हणजे दवाखाना गावात असला तरी तिच्यासाठी तो नसल्यासारखाच. आज हे संपलंय असं वाटतं का तुम्हाला? श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या एखाद्या गावातून अवघडलेल्या बाईला सोनोग्राफीला कुठे न्यावं लागतं आणि गाडीभाडं किती होतं, ते घरी विचारून बघा. उपचार फुकट असले तरी तिथवर पोचणं फुकट नसतं.

आनंदीने ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं. पण पैसे कुठून आणायचे? गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली, तर उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला आला. तो त्यांनी मानला नाही. मात्र तो पत्रव्यवहार छापून आला आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. ओळखदेख नसलेल्या या बाईंनी आनंदीला आपल्या घरी बोलावलं. १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीने भर सभेत इंग्रजीत भाषण केलं. हिंदुस्थानात बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिने ठणकावून सांगितलं. मग ठिकठिकाणांहून मदत येऊ लागली.

वय अठरा, आणि बोटीवर नवरा सोबत नाही! फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात तिने शिक्षण घेतलं. प्रबंधाचा विषय निवडला हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. तो का निवडला, हे वेगळं सांगायला नको. मार्च १८८६मध्ये ती एम.डी. झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी तिला देऊ केली होती. पण तिकडच्या थंडीत आणि आबाळीत क्षयाने गाठलेलं. परत आली ती आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली. बावीसही पूर्ण नव्हती, म्हणजे माझ्याहून लहान.

कोल्हापूरच्या त्या वॉर्डात तिला एक दिवसही काम करता आलं नाही. तिची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवली. पोकिप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिच्या नावाचा दगड आहे.